वेग स्वस्त, अंतर महाग!

घराच्या अंगणात विजेवर चालणारी स्पोर्ट्‌स कार बनवण्याचे स्वप्न अनेक तरुण पाहतात. थोड्या पैशांत ते पुरे होऊ शकते का? पैसा कुठे वाचतो, कुठे वाचवू नये आणि जिवाला धोका कुठे असतो, याचा हा आढावा.

स्पोर्ट्‌स कार म्हटले की डोळ्यांसमोर येते ती जमिनीला चिकटून धावणारी, दोन माणसांची, भरमसाट किमतीची गाडी. सामान्य माणसाने ती रस्त्यावर पाहावी आणि पुढे चालू लागावे. अशी गाडी घरी बनवता येते, आणि तीही पेट्रोलवर नव्हे तर विजेवर चालणारी, असे घरातला मुलगा जेवताना म्हणाला तर बहुतेक घरांत विषय हसण्यावारी जाईल. पण अशा गाड्या खरोखरच बनल्या आहेत. जुनी गाडी, सेकंडहँड मोटर आणि सुट्ट्यांचे दिवस एवढ्या भांडवलावर अमेरिका, ब्रिटन, न्यूझीलंड अशा देशांतील हौशी लोकांनी त्या उभ्या केल्या. त्यांपैकी एका तरुणाचा हा छंद तर मोटारींच्या धंद्याचे रूप बदलून गेला.

सोळाशे डॉलरची पोर्शे

जे. बी. स्ट्रॉबेल हा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वाढलेला मुलगा. तेरा वर्षांचा असताना त्याला भंगारात पडलेली विजेची गोल्फ-गाडी सापडली. ती घरी आणून त्याने दुरुस्त केली आणि चालवली. पुढे कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात तो ऊर्जा-अभियांत्रिकी शिकला. २००० सालच्या सुमारास त्याने मोडकळीला आलेली एक जुनी पोर्शे ९४४ गाडी १,६०० डॉलरना विकत घेतली. इंजिन काढून टाकले आणि तिथे विजेची मोटर बसवली.

वाटते तेवढे हे सोपे नव्हते. मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा कंट्रोलर त्याने स्वतः तयार केला. चार्जर स्वतः जोडला. त्यासाठी लागणारा संगणकाचा प्रोग्रॅमही स्वतःच लिहिला. ही गाडी पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, १७.२८ सेकंदांत धावली आणि विजेच्या गाड्यांच्या शर्यतीत तिने आपल्या गटात विक्रम नोंदवला.

पण या गाडीची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. एकदा चार्ज केली की ती जेमतेम पन्नास किलोमीटर जाई. लांबच्या प्रवासासाठी स्ट्रॉबेलला गाडीच्या मागे पेट्रोलवर चालणारे एक धूड जोडून न्यावे लागे. ते वाटेत बॅटऱ्या चार्ज करी. त्याच्या जोरावर तो सुमारे साडेसहाशे किलोमीटरवरच्या लॉस एंजेलिसला जाऊन परत आला.

विक्रमी वेग आणि पन्नास किलोमीटरची धाव, या दोन गोष्टी एकाच गाडीत होत्या. घरी बनवलेल्या विजेच्या गाडीचे सगळे अर्थकारण या विसंगतीतच आहे. ज्याला ते कळले त्याची गाडी रस्त्यावर येते. ज्याला कळले नाही त्याचा सांगाडा वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली पडून राहतो.

विजेची मोटर वेगाची उधळी

पेट्रोलच्या इंजिनाचा खरा जोर ते ठराविक फेऱ्यांपर्यंत पोहोचल्यावर मिळतो. म्हणून तर सिग्नल सुटल्यावर पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर बदलावे लागतात. विजेच्या मोटरचे तसे नसते. ती थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण जोर लावते. लोकलगाडी शेकडो माणसे घेऊन स्टेशनातून कशी झपकन निघते, हे मुंबईकरांना सांगायला नको.

हा गुण नवा नाही. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामिल जेनात्झी या बेल्जियन चालकाने आपली विजेची गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळवली. ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी ती जगातली पहिली मोटार. त्या काळी पेट्रोलच्या गाड्या तिच्या जवळपासही नव्हत्या.

अमेरिकेतील ओरेगन राज्यातले जॉन वेलँड यांनी १९७२ सालच्या डॅटसन १२०० या साध्या, छोट्या गाडीला विजेची मोटर बसवून ‘व्हाइट झोम्बी’ तयार केली. गोदामात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टला असते त्या जातीच्या मोटरपासून त्यांनी सुरुवात केली. पुढे वर्षानुवर्षे सुधारणा करत, लिथियम बॅटऱ्या बसवून २०१० मध्ये ही गाडी पाव मैल साडेदहा सेकंदांच्या आत धावली. दिसायला खटारा असलेली ही पांढरी गाडी शर्यतीत महागड्या, दणकट इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकी.

विद्यार्थीही मागे नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक आणि ल्युसर्न येथील विद्यार्थ्यांनी बनवलेली ‘मिथेन’ ही विजेची गाडी शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरपर्यंत ०.९५६ सेकंदात पोहोचली. त्यासाठी तिला फक्त १२.३ मीटर जागा लागली. गाडीचे वजन होते सुमारे १४० किलो.

घरगुती गाडीचा हिशेबही आश्चर्य वाटावे असा आहे. १२ व्होल्टच्या बारा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की १४४ व्होल्ट होतात. भार पडल्यावर दाब उतरून तो ११० व्होल्टच्या आसपास येतो. कंट्रोलरने ५०० अँपिअर सोडले तर ५५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ७४ अश्वशक्ती मिळते. एके काळी घराघरांत असलेल्या मारुती ८०० च्या इंजिनाची शक्ती ३७ अश्वशक्ती होती. म्हणजे बारा साध्या बॅटऱ्यांतून, काही सेकंद का होईना, तिच्या दुप्पट जोर मिळतो. वेग स्वस्तात मिळतो तो असा.

दोनशे किलो ओझे, अडीच लिटर पेट्रोल

आता याच बारा बॅटऱ्या गाडीला किती लांब नेतील ते पाहू. साधारण ६० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी धरू. एकीचे वजन १८ किलो, बारांचे २१६ किलो. त्यांत साठते सुमारे ८.६ युनिट वीज. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातले तेच युनिट.

पण ही सगळी वीज हाती येत नाही. इन्व्हर्टरवर एक पंखा लावला तर तो रात्रभर चालतो. भार दुप्पट केला की बॅटरी निम्म्या वेळेच्याही आधी उतरते, हा अनुभव सर्वांना आहे. मोटार तर शेकडो अँपिअर ओढते. त्यामुळे प्रत्यक्षात जेमतेम पाच युनिट मिळतात. हलकी गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे एकूण धाव तीस-पस्तीस किलोमीटर!

पेट्रोलच्या भाषेत सांगायचे तर २१६ किलोंच्या या ओझ्यात फक्त अडीच लिटर पेट्रोलाचे काम करण्याची ताकद असते. मग आणखी बारा बॅटऱ्या का घालू नयेत? घालता येतात. पण त्यांच्याबरोबर आणखी दोनशे किलो वजन येते. त्यासाठी स्प्रिंगा जड लागतात, ब्रेक मोठे लागतात, सांगाड्याला आधार द्यावा लागतो. गाडी जड झाली की वीज जास्त खाते. शेवटी स्पोर्ट्‌स कार राहते बाजूला आणि तयार होतो चाकांवरचा बॅटरीचा गोडाऊन.

म्हणूनच हौशी लोक जुनी, हलकी, बसकी गाडी शोधतात. १९६९ ते १९७६ या काळात निघालेली पोर्शे ९१४ अमेरिकेत या कामासाठी फार लोकप्रिय ठरली. तिचे वजन सुमारे साडेनऊशे किलो. इंजिन मधोमध आणि सामानाची जागा पुढेही, मागेही. त्यामुळे बॅटऱ्या दोन्हीकडे वाटून ठेवता येतात आणि तोल बिघडत नाही.

लॅपटॉपमधून आलेले उत्तर

अंतराचा प्रश्न सुटला तो शिशाला पर्याय मिळाल्यावर. कॅलिफोर्नियातील अ‍ॅलन कोकोनी हे विजेच्या गाड्यांचे नामांकित अभियंते. त्यांच्या ‘एसी प्रोपल्शन’ या छोट्या कंपनीने १९९७ मध्ये ‘टीझिरो’ नावाची दोन आसनी गाडी केली. शरीर फायबरग्लासचे, हौशी लोकांना सुट्या भागांत मिळणाऱ्या गाडीवर बेतलेले. आत शिशाच्या बॅटऱ्या. शून्यापासून ताशी ९६ किलोमीटर गाठायला तिला चार सेकंदांच्या आसपास वेळ लागे. धाव मात्र दीडशे किलोमीटरच्या घरात.

२००३ मध्ये याच गाडीत लॅपटॉपमध्ये वापरतात तसे करंगळीएवढे ६,८०० लिथियम सेल बसवण्यात आले. गाडीचे वजन दोनशे किलोंहून अधिक घटले, वेग वाढला आणि धाव सुमारे ४८० किलोमीटरवर गेली. अशा गाड्या फक्त तीनच बनल्या, पण त्यांनी पाहणाऱ्यांची झोप उडवली. मार्टिन एबरहार्ड यांनी याच गाडीवरून प्रेरणा घेऊन मार्क टार्पेनिंग यांच्याबरोबर २००३ मध्ये टेस्ला कंपनी काढली. एलॉन मस्क यांनी २००४ मध्ये तीत पैसा घातला. आणि त्याच वर्षी तांत्रिक बाजू सांभाळायला आला तो सोळाशे डॉलरची पोर्शे घेणारा स्ट्रॉबेल! २००८ मध्ये ग्राहकांच्या हाती पडलेल्या टेस्ला रोडस्टरमध्येही ६,८३१ छोटे सेलच होते. तिची किंमत होती एक लाख डॉलरच्या वर. वेग तोच होता जो हौशी लोकांना थोडक्यात मिळत होता. जास्तीचे पैसे बव्हंशी बॅटरीचे, म्हणजे अंतराचे होते.

सुदैवाने ही महागाई उतरते आहे. लिथियम बॅटरीचा एका युनिट साठवणीमागील जागतिक सरासरी भाव २०१० साली हजार डॉलरांहून अधिक होता. २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला. हे भाव घाऊक आहेत. एकट्यादुकट्या ग्राहकाला जास्तच मोजावे लागतात. तरीही मघाच्या २१६ किलोंच्या जागी तेवढ्याच वजनाची लिथियम बॅटरी ठेवली तर धाव तीसवरून दीडशे किलोमीटरवर जाते.

पैसा कुठे वाचतो?

पहिली बचत गाडीत. इंजिन निकामी झालेली पण सांगाडा, स्टिअरिंग आणि ब्रेक चांगले असलेली गाडी स्वस्तात मिळते. इंजिन, टाकी, सायलेन्सर, रेडिएटर विकून थोडे पैसे परत येतात. गंजलेला सांगाडा मात्र फुकटही घेऊ नये. तो दुरुस्त करण्यात बॅटरीचे पैसे संपतात.

दुसरी बचत गिअरबॉक्समध्ये. मूळचा गिअरबॉक्स तसाच ठेवायचा आणि त्याला मोटर जोडायची. मधली जोडपट्टी चांगल्या लेथवाल्याकडून करून घेता येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ भोसरीत असे कसबी हात भरपूर आहेत. दोन्ही दांडे अगदी एका रेषेत यायला हवेत, नाहीतर बेअरिंग खाऊन टाकते. या कामाला घाई करू नये.

तिसरी बचत जुन्या मोटरमध्ये. पूर्वी फोर्कलिफ्टच्या मोटरी वापरत. डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आलेल्या निसान लीफसारख्या गाड्या अपघातात सापडून मोडीत निघू लागल्या, तसे परदेशातले हौशी त्यांचे भाग घेऊ लागले. पहिल्या लीफची मोटर ८० किलोवॅटची आणि बॅटरी २४ युनिटची होती. एकाच गाडीतून मोटर, कंट्रोलर, चार्जर आणि बॅटरी मिळाली तर सुटे सुटे जमवण्यापेक्षा खूप स्वस्त पडते आणि ते एकमेकांशी जुळतातही.

सर्वांत मोठी बचत मात्र कागदावर होते. रोज किती किलोमीटर जायचे? वीस असेल तर चाळीसची बॅटरी पुरे. ‘लागलीच तर’ म्हणून दीडशेची घेतली की खर्च चौपट होतो, आणि ती वाढीव बॅटरी वर्षभर नुसते वजन म्हणून फिरते.

इथे काटकसर नको

अशा गाडीत जीव घेण्याइतका विजेचा दाब असतो. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी लगेच विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. साधा स्विच वापरला तर ठिणगीची ज्वाला होते आणि स्विच वितळतो. म्हणून डी.सी.साठीच बनवलेले फ्यूज आणि कॉन्टॅक्टर घ्यावेत. चालकाच्या हाताशी सर्व वीज तोडणारे बटण हवे. उच्च दाबाची कोणतीही तार गाडीच्या पत्र्याला टेकता कामा नये. काम करताना अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवावी आणि एकट्याने कधीही काम करू नये.

जुन्या सिरीज मोटरचा एक धोका नवशिक्यांना माहीत नसतो. टेबलावर ठेवून, काहीही न जोडता तिला पूर्ण दाब दिला तर तिचा वेग अनावर वाढत जातो आणि आतले भाग फुटून गोळीसारखे उडू शकतात. चाचणी घ्यायचीच तर १२ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर, मोटर पक्की बांधून घ्यावी.

लिथियम बॅटरीच्या प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा हवीच. एखादा सेल मर्यादेपलीकडे चार्ज झाला किंवा दुखावला तर तो तापतो, शेजाऱ्यालाही तापवतो आणि लागलेली आग पाण्याच्या बादलीने विझत नाही. मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या फोडून सेल गोळा करणे आणि ते झोपायच्या खोलीखाली रात्रभर चार्जिंगला लावणे ही काटकसर नव्हे, घराला लावलेली वात आहे.

आपल्याकडे काय?

भारतात विजेची मोटार आजची नाही. सौर गाड्यांच्या स्पर्धेत मिशिगन विद्यापीठाच्या संघातून १९९० मध्ये उतरलेल्या चेतन मैनी यांनी पुढे बंगळूरला ‘रेवा’ घडवली. २००१ साली आलेल्या त्या छोट्या गाडीत शिशाच्या आठ बॅटऱ्या होत्या. तिने वेगाचा आव आणला नाही. शहरातल्या शहरात फिरण्यापुरते अंतर धरून तिची आखणी झाली.

घरी गाडी बदलणाऱ्याने मात्र आधी कायदा पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. पेट्रोल गाडी विजेची करायची तर चाचणी होऊन मान्यता मिळालेला संच, अधिकृत कारागिराकडून बसवून, आर.टी.ओ.कडे नोंद करावी लागते. पुण्याची ‘एआरएआय’ ही अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. मनाने बनवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर विमा मिळण्याची आशा धरू नये. ती खासगी जागेत किंवा शर्यतीच्या मैदानावरच चालवावी.

विद्यार्थ्यांना यापेक्षा चांगली वाट आहे. मुंबईच्या आयआयटीतील ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’ हा विद्यार्थ्यांचा संघ स्वतः बनवलेल्या विजेच्या गाड्या घेऊन इंग्लंडमधील फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरला आहे. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’मध्येही विजेच्या गाड्यांचा विभाग आहे. या स्पर्धांत नुसते पळून भागत नाही. आराखडा परीक्षकांसमोर मांडावा लागतो, प्रत्येक भागाच्या खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. गाडी तिरकी करून पाहतात, तिच्यावर पाण्याचे फवारे मारून वीज कुठे गळते का तेही तपासतात. यातून पार पडल्याशिवाय गाडी मैदानात जात नाही.

घरच्यांनी काय विचारावे?

मुलाने असा बेत मांडला तर त्याला वेड्यात काढू नये आणि लगेच पैसेही काढून देऊ नयेत. काही प्रश्न विचारावेत. रोज किती अंतर जायचे आहे? त्यासाठी किती युनिट लागतील आणि बॅटरीचे वजन किती होईल? एवढे वजन ब्रेक पेलतील का? वीज तोडणारे बटण कुठे असेल? गाडी कुठे चालवणार, आणि कागदपत्रांचे काय? काम करताना शेजारी कोण असेल?

याची उत्तरे त्याने वहीत आकड्यांनिशी लिहून आणली असतील, तर तो खेळणे मागत नाही हे ओळखावे. मग सुरुवात मोटारीने न करता एखाद्या जुन्या सायकलीने करू द्यावी. स्ट्रॉबेलही आधी गोल्फ-गाडीच दुरुस्त करत होता. सायकलीची बॅटरी मापात बसली, तार तापली नाही आणि ठरवलेले अंतर तिने भरून काढले, की मोटारीच्या खर्चाबद्दल बोलायला बसावे.